पिंपात निळं, पेल्यात जांभळं

१

डोळे मिटा आणि जरा कल्पना करा. पाथर्डी फाट्याजवळचं एक रो-हाउस आहे आणि तुम्ही त्याच्या पार्किंगमध्ये उभे आहात. गाड्या बाहेर रस्त्यावर काढल्या आहेत, कारण आज इथे गाड्यांचं काही काम नाही. एप्रिलची दुपार, वर हिरव्या कापडाचा मांडव आणि मांडवाखाली एक लांबलचक टेबल. टेबलावर काय काय आहे ते नीट बघून ठेवा. कैरीचं पन्हं आहे, कोकम आहे, काळ्या द्राक्षांचा रस आहे. वाट्यांमध्ये भिजवलेला सब्जा, पुदिना, जिरेपूड, काळं मीठ. टोपलीत लिंबं. आणि मधोमध, पाटावर बसवलेल्या नवरीसारखं, एक तांब्याचं पिंप. पोट मोठं, खाली पितळी तोटी. असं लखलखतंय की वाकून पाहिलंत तर तुमचं तोंड दिसेल. थोडं रुंद दिसेल, पण दिसेल.

मागे एक पुठ्ठ्याची पाटी आहे: ‘आपलं सरबत आपण बनवा’.

हा सगळा घाट आरोहीचा. ती पाचवीत आहे. आज तिच्या मीना काकूचं डोहाळजेवण. गेले काही महिने काकूला सकाळी पन्हं हवं असायचं, दुपारी कोकम, आणि मधल्या वेळात ती दोन्ही एकत्र करून वर जिरेपूड टाकून असं काहीतरी प्यायची की त्याला नाव कुणालाच देता आलं नसतं. ते पाहून आरोहीला सुचलं की पाहुण्यांनाही असंच करू द्यावं. हवं ते घ्या, हवं तसं मिसळा, आपापलं प्या. तिने त्याला ‘सरबतांचा बार’ असं नाव दिलं होतं.

आजीला, म्हणजे बयाबाईंना, सरबत चालत होतं, नाव चालत नव्हतं. दारात बार उघडल्याचं भजनी मंडळातल्या बायकांना कळलं तर पुढच्या गुरुवारी टाळ कुठल्या तोंडाने हातात घ्यायचे, असं तिचं म्हणणं. म्हणून पाटी बदलली. पण घरात सगळे बारच म्हणत राहिले, आणि हळूहळू आजीही ‘बारवरचा पुदिना झाका गं’ असं म्हणायला लागली.

खरा विरोध महेश काकाचा होता. तो मीना काकूचा नवरा. अंबडच्या एका कारखान्यात तो तयार झालेले सुटे भाग तपासतो. प्रत्येक नळी उजेडात धरायची, एक डोळा मिटायचा, आत बघायचं आणि पसंत किंवा नापसंत करायचं, हे त्याचं काम. घरीसुद्धा तो पोळी उजेडात धरून बघतो. त्याच्या मते पाहुण्यांना थंडगार बाटल्या द्याव्यात आणि मोकळं व्हावं. आपण या सरबताच्या खेळाला बोटही लावणार नाही, असं त्याने जेवायच्या टेबलावर सगळ्यांसमोर जाहीर केलं होतं.

आता पिंपात काय होतं ते सांगतो. गॅलरीतल्या वेलाची गोकर्णाची फुलं आरोहीने कित्येक दिवस वाळवून ठेवली होती. ती गरम पाण्यात टाकली की पाणी शाईसारखं निळं होतं. त्यात साखर घालून तिने सरबत केलं होतं. जादू पुढेच आहे. त्या निळ्याला आंबट लागलं की ते जांभळं होतं, जास्त लागलं की गुलाबी. पाहुण्यांनी तोटी सोडायची, निळा पेला भरायचा, लिंबू पिळायचं आणि आपल्याच हाताने रंग बदलताना बघायचा. तांब्याच्या पिंपातून निळं येईल हे कुणाच्या स्वप्नातही येणार नाही, म्हणून आजीचं पिंप निवडलं होतं.

पाहुणे येण्याआधी घरच्यांना एकदा दाखवावं म्हणून तिने सगळ्यांना मांडवात बोलावलं. काचेचा पेला खाली धरला, लहानसं भाषण केलं आणि तोटी फिरवली.

पेल्यात जांभळं सरबत पडलं. चांगलं गडद, गुलाबीकडे झुकणारं जांभळं. लिंबं टोपलीत तशीच होती.

आरोहीने घाईघाईने पिंपाचं झाकण उचललं. आत सरबत निळंभोर होतं.

२

एकदम सगळे बोलायला लागले. स्वयंपाकाला येणाऱ्या सिंधुबाईंना दृष्ट लागल्याची शंका आली. आजीला वाटलं की कल्हई उडाली आणि सरबत कळकलं. तांब्याच्या भांड्याला आतून कथलाचा पातळ थर देतात, त्याला कल्हई म्हणतात. तो उडाला तर आत ठेवलेलं आंबट बिघडतं, अंगाला बाधतं. आजीने वाकून सरबताच्या वर दिसणारी पिंपाची आतली बाजू सगळीकडून निरखून पाहिली. कल्हई पांढरीशुभ्र होती, कुठे ओरखडासुद्धा नव्हता.

 महेश काकाने दुसरा पेला घेतला, तोटी सोडली, पेला उजेडात धरला, एक डोळा मिटला. हे सरबतही जांभळं होतं, पण पहिल्याइतकं गडद नाही. आरोहीने दोन्ही पेले शेजारी ठेवून पाहिले. बाकी कुणाला त्या फरकात रस नव्हता.

मग आजीने निकाल दिला. बयाबाईंचा आवाज मोठा नाही, पण त्या बोलल्या की घरातला पंखासुद्धा हळू फिरतो.

“आत काय गेलंय ते कळल्याशिवाय हे पाहुण्यांच्या पोटात जायचं नाही. आणि एकात गेलं तर बाकीच्यांत गेलं नसेल कशावरून? येवल्याची गाडी दारात येईपर्यंत कळलं तर ठीक. नाहीतर सगळं मोरीत. महेश, तू तुझ्या बाटल्या मागव.”

येवल्याच्या गाडीत मीना काकूची आई होती. येवल्याच्या आजींची नजर म्हणजे विचारू नका. पैठणीतला चुकलेला धागा त्या रस्त्याच्या पलीकडून ओळखत. महेश काकाच्या लग्नात त्यांनी एवढंच म्हटलं होतं की समई जरा काळवंडलेली दिसते. ते वाक्य या घरात अजून कुणी विसरलं नव्हतं. गाडी कुठवर आली ते त्या लेकीला फोन करून कळवत होत्या. नुकताच फोन आला होता की विंचूर सोडलं.

 आरोहीने किती दिवस फुलं वेचली, किती वेळा शेजारच्या काकूंकडून काचेचे पेले मागून आणले, आणि आता सगळं मोरीत.

काकाने खिशातून फोन काढला. त्याच्याकडे बघितलं. परत खिशात ठेवला. नेटवर्क नाही, नंतर करतो, असं पुटपुटत तो आत गेला.

हे आरोहीला चमत्कारिक वाटलं. आठवडाभर बाटल्या बाटल्या करणारा माणूस, बाटल्या मागवायची परवानगी मिळाल्यावर नेटवर्क नाही म्हणतो. आणि त्याच वेळी आतून काकूच्या फोनवर तिची आई निफाडच्या रस्त्याचं अगदी स्पष्ट वर्णन करत होती.

३

आंबट लागल्याशिवाय निळं जांभळं होत नाही, एवढं आरोहीला पक्कं ठाऊक होतं. म्हणून तिने आंबट वस्तूंपासून सुरुवात केली.

लिंबं एकूण एक अख्खी होती. सुरी कोरडी होती. पन्ह्याचं आणि कोकमाचं झाकण तिने स्वतः बांधलं होतं, गाठ तिचीच होती.

मग साईची पाळी आली. साई तिचा धाकटा भाऊ, पहिलीतला. घरात काहीही बिघडलं की आधी त्याला बोलावण्याची पद्धत आहे, आणि बऱ्याचदा ती बरोबर ठरते. तो टेबलाखालीच सापडला. आरोहीने काही विचारायच्या आतच त्याने कबूल करून टाकलं की सब्जात बोट त्यानेच घातलं होतं.

“कशाला?”

“बेडकाची अंडी अशीच लागतात का बघायला.”

बेडकाची अंडी तुला कुठे माहीत आहेत, असं विचारल्यावर तो म्हणाला की म्हणूनच तर बोट घातलं. पिंपाला मात्र त्याने हात लावला नव्हता. सकाळी लवकर उठून तो खाली आला होता खरा, पण महेश काकाने त्याला हाकललं. काका तेव्हा बादली आणि फडकं घेऊन गाडी धुवायला निघाला होता, म्हणे.

आरोही स्वयंपाकघरात गेली. सिंधुबाई आमटीला फोडणी देत होत्या आणि चिडलेल्या होत्या. आमटी आज चिंचगुळाची व्हायची होती, आणि चिंचेची बरणी उघडली तर रिकामी. काल संध्याकाळी त्यांनी स्वतः मोठा गोळा ठेवला होता. शेवटी आमसुलं टाकून भागवलं.

“कुणी नेली चिंच?” आरोहीने विचारलं.

सिंधुबाईंनी झारा हवेत थांबवला आणि हसल्या. “आता काय सांगू बाई. ज्यांच्यासाठी मांडव घातलाय त्यांनाच इचार. असल्या दिवसांत चिंच पाहिली की जीव ऱ्हात नाय. मी माझ्या येळेला शेजारणीच्या झाडावर दगड मारले व्हते.”

म्हणजे चिंच. टोपलीतली लिंबं सोडली तर चिंचेइतकं आंबट या घरात दुसरं काही नव्हतं. आणि चिंच खावीशी कुणाला वाटत असेल, याबद्दल घरात कुणालाच शंका नव्हती. सकाळपासून आजी काकूकडे पाहून गालात हसत होती. आरोहीच्या आईने तर फुलबाजारातून आल्या आल्या काकूला ‘दात आंबले नाहीत ना’ असं विचारलं होतं.

आरोही जिन्याच्या पायऱ्या चढू लागली. ती मध्ये मध्ये थांबत होती, कारण काकू तिची सगळ्यात आवडती होती.

४

मीना काकू खिडकीत बसली होती. हिरव्या बांगड्या भरलेल्या, हिरवी साडी अर्धी नेसून झालेली. फुलांचे दागिने परातीत ओल्या फडक्याखाली होते.

आरोहीने कसं विचारायचं याची जिन्यात तयारी केली होती, पण तोंडातून सरळ निघालं.

“काकू, चिंच तू खाल्लीस का? आणि खाऊन झाल्यावर पिंपात हात घातलास का?”

काकूने हातातला पदर मांडीवर ठेवला. रागावली असती तर बरं झालं असतं, असं आरोहीला वाटलं.

“सकाळपासून सगळे माझ्याकडे बघून हसतायत,” काकू म्हणाली. “मी नाही म्हटलं की आणखी हसतात. असू दे गं, असू दे, म्हणतात. खाल्ली असती तर सांगितलं असतं ना मी. चिंच खाल्ली म्हणून कुणी तुरुंगात टाकतं का? पण खाल्ली नाही, तर नाही. मला वाटलं, तू तरी विचारणार नाहीस.”

आरोहीच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. मला फक्त बार वाचवायचा होता, असं काहीतरी ती बोलली.

“आणि आता माझी आई येईल,” काकू खिडकीबाहेर बघत म्हणाली, “तिलाही पहिली बातमी हीच मिळेल, की तुमच्या लेकीने चिंचेचा अख्खा गोळा चोरून खाल्ला आणि पाहुण्यांचं सरबत नासवलं.”

तेवढ्यात फोन वाजला. निफाड मागे पडलं होतं. चांदोरी आलं होतं.

५

आरोही खाली येऊन पायरीवर बसली. शेजारी तिची शाळेची पाण्याची बाटली होती, ती उचलून तिने नळीतून पाणी प्यायला सुरुवात केली. आणि ती थांबली.

मागच्या महिन्यात या बाटलीत तिने लिंबाचं सरबत नेलं होतं. घरी आल्यावर बाटली घासली, विसळली, ताजं पाणी भरलं, आणि तरी दुसऱ्या दिवशी शाळेत पहिला घोट आंबट लागला होता. दुसरा कमी. मग पाण्यासारखं पाणी. बाटली धुतली होती, नळी धुवायची राहिली होती.

तुमच्या लक्षात आलं? नसेल आलं तर घाई करू नका, तिच्याबरोबर चला. पिंपात सरबत निळं. पेल्यात जांभळं. पिंप आणि पेला यांच्यामध्ये काय आहे? फक्त तोटी. पहिला पेला गडद, दुसरा फिका. म्हणजे तोटीत जे काही होतं ते सरबताबरोबर थोडं थोडं धुऊन जात होतं. पिंपात कुणी काहीच टाकलं नव्हतं.

मग तोटीत आंबट काय असेल? तांब्यापितळेच्या भांड्याला चिंच कशासाठी लागते हे कुठल्याही मराठी घरात विचारायची गरज नाही. चिंच आणि मीठ लावून चोळलं की काळवंडलेलं भांडं सोन्यासारखं निघतं.

काल संध्याकाळी हेच पिंप माळ्यावरून काढलं तेव्हा ते काळपट, डागाळलेलं होतं. असू दे, वर फुलांची माळ घालू, असं आजी म्हणाली होती. आणि आज ते लखलखत होतं.

कुणी घासलं?

सकाळपासून इतके सगळे त्या पिंपाभोवती फिरले, पण हा प्रश्न एकालाही पडला नव्हता. भांडं मळलेलं असलं तर कुणी मळवलं असं विचारतात. घासलेलं असलं तर कुणीच काही विचारत नाही.

आरोहीने विचारलं. आजीला वाटत होतं की सिंधुबाईंनी घासलं. सिंधुबाईंना वाटत होतं की आजींनी घासलं. आरोहीला स्वतःलाही सिंधुबाईच वाटल्या होत्या. पण आता तिला आठवलं की सकाळी ती सरबत भरत होती तेव्हा पिंप चमकतच होतं, आणि सिंधुबाई त्यानंतर आल्या. सरबत भरून हात चिकट झाले होते, म्हणून त्यांना दार कोपराने उघडलं होतं तिने. भरण्याआधी पिंप आतून विसळून तिने पाणी पिंप वाकडं करून वरूनच ओतलं होतं. तोटी तिनेही सोडली नव्हती.

मग घासलं कुणी? आजी रोज देवाची भांडी घासते, ती तोटी धुवायला विसरेल? सिंधुबाई तर नाहीतच. काकूला खाली वाकताच येत नाही. आई पहाटेच फुलबाजारात गेली होती. साईला दात घासायला लावणं हेच एक काम असतं.

आरोही उठली आणि फाटकाबाहेर गेली. रस्त्याच्या कडेला काकाची गाडी उभी होती. सकाळी लवकर उठून, बादली आणि फडकं घेऊन धुतलेली गाडी.

गाडीवर धुळीचा जाड थर होता. त्यात बोटाने मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: साई.

६

तिने सगळ्यांना मांडवात बोलावलं. काकूलासुद्धा, खुर्ची आणून. येवल्याची गाडी शहरात शिरून द्वारका चौकात अडकली होती, म्हणून थोडा वेळ मिळाला. काका सगळ्यात मागे, मांडवाच्या खांबाला टेकून उभा राहिला.

आरोहीने झाडूची एक नवी काडी घेतली, तोटीच्या तोंडात घातली आणि फिरवून बाहेर ओढली. काडीला तपकिरी रंगाचा एक चिकट धागा लागून आला. सिंधुबाईंनी वास घेतला आणि एकच शब्द म्हणाल्या, चिंच.

मग ओगराळ्याने वरून काढलेल्या निळ्या सरबतात तिने ती काडी बुडवून ढवळली. सगळ्यांच्या डोळ्यांदेखत निळं जांभळं झालं.

सरबत चांगलं आहे, तिने सांगितलं. कुणी काही टाकलेलं नाही. कुणीतरी पिंप घासलं, तोटी आतूनसुद्धा घासली, आणि नंतर तोटीतून पाणी सोडायचं राहून गेलं. चिंच कुणी खाल्लेली नाही.

खुर्चीतली काकू ताठ झाली. आजीने तिच्याकडे पाहिलं आणि पदर सारखा करण्याचं निमित्त करून नजर खाली घेतली.

“पण घासलं कुणी?” आजीने विचारलं.

आरोहीने सांगितलं ते साधं होतं. रोज भांडी घासणारा माणूस तोटीत बोट घालत बसत नाही; पण घासली तर पाणी सोडल्याशिवाय राहत नाही. इथे उलटं झालं होतं. म्हणजे हे असं कुणीतरी आहे की ज्याने उभ्या आयुष्यात भांडं घासलं नाही, पण नळीच्या आतला मळ मात्र ज्याला सहन होत नाही. ज्याने सकाळी गाडी धुतली असं साईला वाटलं, पण गाडीवर तर धूळ आहे. ज्याला बाटल्या मागवायच्या होत्या, पण मागवल्या नाहीत, कारण दुसरा पेला उजेडात धरल्यावर तोटीत काय राहिलंय आणि सरबत चांगलंच आहे, हे त्याला कळलं होतं.

सगळ्यांच्या माना हळूहळू मागे वळल्या. काकाने हात पाठीमागे घेतले, पण उशीर झाला होता. उजव्या मनगटात तो तांब्याचं कडं घालतो. कित्येक वर्षांचं ते काळंहिरवं कडं आज नव्या पैशासारखं चमकत होतं.

“मीच घासलं,” काका खांबाला सांगितल्यासारखं म्हणाला.

मग सगळं बाहेर आलं. रात्री मीना म्हणाली होती की पिंप कसं दिसतंय, आई आल्या आल्या बघेल. त्याला झोप लागेना. पण सरबताच्या खेळाला बोट लावणार नाही असं सगळ्यांसमोर सांगून बसला होता, म्हणून कुणी उठायच्या आत अंगणात बसून घासलं. चिंच किती लागते ते माहीत नव्हतं, म्हणून सगळी घेतली. तोटी आतून काळी दिसली, तेव्हा राहवलं नाही. वाजेल म्हणून पाणी सोडलं नाही, वरून ओल्या फडक्याने पुसलं.

“आणि सकाळपासून मी चिंचचोर म्हणून मिरवतेय,” काकू म्हणाली. तिचा आवाज शांत होता, आणि त्यामुळे काका आणखी लहान दिसू लागला. “तुम्ही समोर बसून पोहे खात होता. एक शब्द बोलला नाहीत.”

“अगं, बोलणारच होतो.”

“कधी? बारशाला?”

सिंधुबाईंनी तोंडाला पदर लावला. आजी मात्र हसली नाही. तिने उठून काकूच्या खुर्चीजवळ जाऊन तिच्या डोक्यावरून हात फिरवला. आम्हीही ऐकलं नाही गं तुझं, एवढंच ती म्हणाली. मग मुलाकडे वळली. घासायला घेतलंय तर पुरं कर, असं तिने सांगितलं.

काकाने बाही वर केली. निळं सरबत पातेल्यात काढलं, तोटी उघडी ठेवून तांब्यामागून तांब्या पाणी ओतलं. सिंधुबाई शेजारी उभ्या राहून ‘अजून एक, दादा’ म्हणत होत्या, आणि गरजेपेक्षा बरंच जास्त वेळ म्हणत राहिल्या. मग सरबत परत भरलं. आजीने स्वतः पहिला पेला काढला. निळा, स्वच्छ, शाईसारखा. तिने एक घोट घेतला, जिभेवर फिरवला आणि म्हणाली की बार चालू करा.

बाहेर गाडीचा हॉर्न वाजला.

७

येवल्याच्या आजी उतरल्या त्या थेट पिंपासमोर येऊन थांबल्या. पैठणीचा पदर सावरत त्यांनी वाकून बघितलं, बाजूने बघितलं, तोटीला बोट लावून बोट बघितलं. 

“पिंप छान घासलंय. कुणी घासलं?” त्यांनी विचारलं.

 आरोहीला उत्तर ठाऊक होतं, पण हे सांगायचा हक्क आपला नाही असं तिला वाटलं. ती काकूकडे बघत राहिली. काकूने जरा वेळ लावला. मुद्दामच लावला.

“यांनी,” ती म्हणाली.

येवल्याच्या आजींनी जावयाला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. मग म्हणाल्या की आमच्याकडे देवघरात चार समया आहेत, हंडे आहेत, घंगाळ आहे. पुढच्या खेपेला दोन दिवस काढून या. काका हो म्हणाला. दुसरं काय म्हणणार?

बायका जमल्या. ओटी भरून झाली. काकूला झोपाळ्यावर बसवलं, डोक्याला, गळ्यात, दंडांवर मोगऱ्याचे दागिने घातले. तिच्यासाठी पन्ह्याचा पेला वेगळा होता, कारण या दिवसांत नवं काही पिऊ नका असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. टेबलापाशी गर्दी झाली. कुणी कोकमात पुदिना टाकला, कुणी द्राक्षाच्या रसात काळं मीठ, आणि भजनी मंडळातल्या एका बाईंनी सगळ्यात सगळं मिसळून ते फार छान लागतं असं जाहीर केलं. पिंपाला मात्र अजून कुणी हात लावला नव्हता. आरोहीने ते शेवटपर्यंत राखून ठेवलं होतं.

आता तिची वेळ आली. पहिलं लिंबू तिने पिळायचं, असं पहिल्या दिवसापासून ठरलेलं होतं. कुणी दुसऱ्याने ठरवलं नव्हतं, तिनेच ठरवलं होतं. आरशासमोर उभं राहून तिने त्याची तालीम केली होती. पेला कसा धरायचा, कुठे थांबायचं, काय बोलायचं. सगळे तिच्याकडे बघत होते. साई तर खुर्चीवर चढला होता.

तिने तोटी सोडली. पेला निळा भरला. मांडवात कुजबुज झाली. तिने टोपलीतून लिंबू घेतलं, आजीने ते कापून दिलं, आणि अर्धी फोड हातात घेऊन ती टेबलाच्या पुढे आली.

तिथे ती थांबली. मघाशी जिन्याच्या वरच्या खोलीत आपण काय विचारलं होतं ते तिला आठवलं.

मग पेला सांडू नये म्हणून जपून चालत ती बायकांच्या घोळक्यातून वाट काढत झोपाळ्यापाशी गेली. तिने पेला काकूसमोर दोन्ही हातांनी धरला, आणि लिंबाची फोड काकूच्या तळहातावर ठेवून तिची बोटं आपल्या हाताने मिटली.

“काकू,” ती म्हणाली, “तू पीळ.”